वायर रोपचं टोक ड्रमला कसं बांधायचं: होइस्टवर नव्यानं काम करणाऱ्या फिटरसाठी

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, नागपूरच्या कुठल्याही एमआयडीसीत जा, शेडच्या छताखाली एखादी ईओटी क्रेन (वरच्या रुळांवर चालणारी विजेची क्रेन) किंवा इलेक्ट्रिक होइस्ट असतोच. रोप बदलायची वेळ आली की आयटीआयमधून नुकताच आलेला फिटर आणि एक हेल्पर वर चढतात. पुली, हुक ब्लॉक, वेज सॉकेट (रोपचं दुसरं टोक पाचरीनं धरणारा भाग) याबद्दल त्यांना कोणी ना कोणी सांगितलेलं असतं. ड्रमकडचं, म्हणजे रोप गुंडाळला जातो त्या नळकांड्याकडचं टोक मात्र "दोन बोल्ट आवळ, झालं" एवढ्यावर सुटतं. ते कव्हरच्या आत असतं, रोज कोणाच्या नजरेला पडत नाही, म्हणून चुकाही तिथेच साचतात.

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: ५ टनी होइस्ट, ४ फॉल (हुक पेलणारे रोपचे चार पदर), १२ मिमीचा रोप, ग्रूव्ह (रोप बसायच्या खाचा) असलेला ड्रम, रोपचा एकच थर. बिल्डिंगच्या साइटवरच्या साध्या विंचसाठी जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे. सावनेर, उमरेड, मनसर भागातल्या खाणींच्या वाइंडरसाठी हा लेख वापरू नका. तिथे माणसं चढ-उतार करतात, रोप बांधायची पद्धत निराळी असते आणि नियम खाण सुरक्षा महासंचालनालयाचे असतात.

१. आधी हे समजून घ्या: भार कोण पेलतं

ड्रमवरचा क्लॅम्प (रोपचं टोक दाबून धरणारी प्लेट आणि बोल्ट) पूर्ण भार पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो. भार पेलतात ते क्लॅम्पला लागून ड्रमवर कायम राहणारे वेढे, ज्यांना शॉपवर सगळे डेड टर्न म्हणतात. खुंट्याला दोरीचे दोन वेढे दिले की ओढ घेणारा बैलही एका माणसाला धरता येतो, तेच घर्षण इथे काम करतं.

आकड्यात पाहा. ५ टन भार ४ फॉलवर वाटला की एका फॉलवर साधारण १२५० किलो येतात (हुक ब्लॉकचं वजन आणि पुलीचं घर्षण सध्या बाजूला ठेवू). ग्रीस लावलेला रोप आणि लोखंडी ड्रम यांच्यातला घर्षणांक ०.१ धरला, तर क्लॅम्पपर्यंत पोचणारी ओढ अशी:

- एकही डेड टर्न नसेल तर १२५० किलो
- १ असेल तर सुमारे ६७० किलो
- २ असतील तर सुमारे ३५५ किलो
- ३ असतील तर सुमारे १९० किलो

हुक सर्वांत खाली असताना ड्रमवर किमान २ वेढे उरलेच पाहिजेत, हा नियम यातून आला आहे. आमचा आग्रह ३ चा आहे. तिसऱ्या वेढ्याला जेमतेम एक मीटर रोप जास्त लागतो आणि क्लॅम्पवरची ओढ जवळपास निम्मी होते, इतकी स्वस्त सुरक्षितता क्रेनवर दुसरीकडे कुठे मिळत नाही. क्लॅम्पच्या प्लेटखाली जो अर्धा-पाऊण वेढा असतो, तो या हिशेबात धरायचा नाही.

"सर्वांत खाली" म्हणजे हुक प्रत्यक्ष जिथपर्यंत जाऊ शकतो तिथपर्यंत. शेड बांधली तेव्हा फ्लोअर सपाट होता, नंतर मशीनसाठी क्रेनखाली दीड मीटरचा खड्डा खणला. अशा ठिकाणी हुक खड्ड्यात उतरला की ४ फॉलच्या होइस्टवरून ६ मीटर रोप जास्त सुटतो, म्हणजे आपल्या ड्रमवरचे सहा वेढे. तीन डेड टर्न कधीच संपून गेलेले असतात आणि वरून पाहिल्याशिवाय ते कोणाला कळत नाही.

२. कागद, सुटे भाग आणि हत्यारं

वर चढण्याआधी हे सगळं एका जागी गोळा करा. अर्ध्या कामात खाली उतरावं लागलं की घाई सुरू होते.

कागद:
- नव्या रोपचं उत्पादकाचं टेस्ट सर्टिफिकेट. त्यावर व्यास, रचना, कोअर (रोपचा मधला गाभा), पिळाची दिशा, तारेचा ग्रेड, तुटण्याचा किमान भार आणि लांबी असते
- होइस्टचं मॅन्युअल, निदान रोप आणि ड्रमचं पान
- मागच्या तपासणीचा अहवाल
- उंचीवरच्या कामाचं परमिट

भाग:
- क्लॅम्प प्लेट, बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर, शक्यतो नवे. बोल्ट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचेच, सहसा ८.८
- मऊ बाइंडिंग वायर, १.२ ते १.६ मिमी
- रोपसाठीचं वंगण

हत्यारं: व्हर्नियर, टॉर्क रेंच, कटिंग व्हील लावलेला ग्राइंडर, वायर ब्रश, पक्कड, लाकडी किंवा पितळी हातोडा, पांढरा पेंट मार्कर, चामड्याचे हातमोजे, फुल बॉडी हार्नेस, कुलूप आणि टॅग.

रोप विकत घेताना इतवारीच्या लोहाओळीत गेलात किंवा डीलरकडून मागवलात, तरी "१२ एमएम रोप द्या" एवढंच सांगू नका. भेंडोळ्यातून कापून दिलेल्या तुकड्याला सर्टिफिकेट मिळत नसेल तर तो होइस्टसाठी घेऊ नका. साधारण वापरासाठीच्या पोलादी रोपचं भारतीय मानक आयएस २२६६ आहे, त्याचा उल्लेख कागदावर पाहा.

३. रोप आणि ड्रम जुळतात का ते तपासा

व्यास. व्हर्नियरचे जबडे रोपच्या दोन समोरासमोरच्या लडींच्या (तारा पिळून केलेल्या जुड्यांच्या) माथ्यावर टेकवा. दोन लडींमधल्या खोलगट भागावर मोजलं तर माप कमी येतं आणि फसगत होते. तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. नवा रोप नावाच्या मापापेक्षा किंचित जाडच असतो: १२ मिमीचा रोप १२.१ ते १२.५ भरला तर ठीक. अर्ध्या इंचाचा रोप १२.७ मिमीचा असतो. तो "बाराचाच" म्हणून खपवला जातो, मग ग्रूव्हमध्ये बसत नाही आणि दोन्ही कडांवर घासत राहतो.

रचना. होइस्टवर बहुधा ६×३६ (६ लडी, प्रत्येकीत ३६ तारा) किंवा ६×१९ असतो, लोखंडी कोअरचा किंवा फायबर कोअरचा. मॅन्युअलमध्ये न फिरणारा रोप सांगितला असेल, म्हणजे १८×७ किंवा ३५×७, तर तोच लावायचा. १७७० ग्रेडचा, लोखंडी कोअरचा ६×३६ रचनेचा १२ मिमी रोप सुमारे ९० किलोन्यूटनला, म्हणजे ९.२ टनांच्या आसपास तुटतो. फायबर कोअर असेल तर ८.५ टनांच्या आसपास. १२५० किलोच्या ओढीला दोन्ही पुरतात, तरी कोअर मनानं बदलू नका. फायबर कोअरचा रोप क्लॅम्पखाली जास्त दबतो, त्यामुळे त्याच्यासाठीची प्लेटही निराळी असू शकते.

पीळ. ही तपासणी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. रोप उभा धरा. समोरच्या लडी खालून वर उजवीकडे चढत असतील तर पीळ उजवा, डावीकडे चढत असतील तर डावा. ड्रमही मनात तसाच उभा करून ग्रूव्हकडे बघा: नेहमीच्या बोल्टच्या आट्यांसारखी चढत असेल तर ग्रूव्ह उजवी. नियम असा: उजव्या पिळाचा रोप डाव्या ग्रूव्हच्या ड्रमवर, डाव्या पिळाचा उजव्या ग्रूव्हवर. उलट झालं तर रोप गुंडाळताना दर वेढ्याला थोडा पीळ उकलत किंवा आवळत जातो, तो पुढे सरकत हुककडे साचतो, हुक ब्लॉक आपोआप फिरायला लागतो आणि शेवटी लडी फुगून पिंजऱ्यासारख्या सुटतात.

ज्या विंचच्या ड्रमला ग्रूव्हच नाही, तिथे कोणत्या फ्लँजपाशी (ड्रमच्या कडेच्या उंच चकतीपाशी) टोक बांधायचं हे हातावरून ठरवा. ड्रमच्या मागे, भाराकडे तोंड करून उभे राहा. उजव्या पिळाला उजवा हात, डाव्या पिळाला डावा. रोप ड्रमच्या वरून सुटत असेल तर तळवा खाली, खालून सुटत असेल तर तळवा वर. बोटं भाराकडे ठेवा, अंगठा ज्या फ्लँजकडे जातो तिथे टोक बांधायचं. उजवा पीळ आणि रोप वरून सुटणारा असेल तर ती डावीकडची फ्लँज येते. चुकीच्या बाजूनं बांधलं तर वेढे एकमेकांना चिकटून बसण्याऐवजी फाकत जातात आणि वरचा थर त्या फटीत घुसतो.

लांबी. उदाहरणातल्या ड्रमचा ग्रूव्हच्या तळाशी व्यास ३०० मिमी आहे. रोपच्या मध्यातून मोजला की ३१२, म्हणजे एका वेढ्याला ०.९८ मीटर. उचल ८ मीटर, ४ फॉल: ३२ मीटर रोप ड्रमवर यायला हवा, म्हणजे ३३ वेढे. त्यात ३ डेड टर्न आणि क्लॅम्पखालचा एक मिळवा: ३७. ड्रमवर तेवढ्या ग्रूव्ह आहेत का ते मोजा. एकूण रोप मोजताना ड्रमवर उरणारे ते ४ वेढे, हुक खाली असतानाचे चारही फॉल, पुलीवरचे अर्धे वेढे आणि वेज सॉकेटमधला भाग धरायचा. या उदाहरणात तो ४१ मीटरच्या आसपास जातो. जुना रोप मोजून तेवढाच आणणं चालतं, पण जुना रोप मधे कधी कापून आखूड केलेला नाही याची खात्री असेल तरच.

४. वीज, कुलूप आणि हात

हुक ब्लॉक खाली आणून लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. रोप पूर्ण सैल झाला पाहिजे. त्याच रुळांवर दुसरी क्रेन असेल तर ती आपल्या क्रेनला येऊन धडकणार नाही अशी अडवा, नुसतं ओरडून सांगून भागत नाही. प्लॅटफॉर्म नसेल तर आधी मचाण, मग काम. हार्नेस गर्डरच्या पक्क्या जागेला अडकवा, होइस्टच्या बॉडीला नाही, कारण होइस्ट सरकतो.

या कामात ड्रम मधूनमधून फिरवावा लागतो, म्हणून वीज सतत बंद ठेवता येत नाही. त्यामुळे एकच पद्धत पाळा: पेंडंट (बटणांचा लटकता कंट्रोल) एकाच माणसाच्या हातात, आणि तो वर काम करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या इशाऱ्यावर चालणार नाही. ड्रमवर हात आहे तोवर मेन स्विच बंद, कुलूप लावलेलं, किल्ली वर काम करणाऱ्याच्या खिशात. ड्रम फिरतो तेव्हा वरच्याचे हात ड्रमपासून लांब. रोप आणि ग्रूव्हच्या मध्ये हातमोज्याचं टोक अडकलं तर हात मागोमाग आत जातो.

नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये गर्डरच्या उंचीवर दुपारी काम काढू नका. बाहेर ४५ अंश असतं तेव्हा पत्र्याखाली त्याहून जास्त असतं. घामानं हात निसटतात, ग्रीस पातळ होऊन बोल्टच्या आट्यांत उतरतं आणि माणूस "पुरे झालं" म्हणून बोल्ट अर्धवट आवळून खाली येतो. सकाळी सातला सुरू करा, अकरापर्यंत ड्रमचं काम संपवा.

५. जुना रोप काढणं आणि ड्रम पाहणं

कव्हर उघडल्यावर काहीही सोडण्याआधी फोटो काढा: क्लॅम्प किती, कोणत्या भोकांत, रोप कोणत्या बाजूनं आत जातो, टोक किती बाहेर आहे. मग डेड टर्न मोजा आणि लिहून ठेवा.

रोप गाइड असेल, म्हणजे ड्रमवरून सरकणारी ती कडी, तर तिचे बोल्ट सोडून भाग क्रमानं ठेवा. तिची स्प्रिंग उडून खाली जाते, खाली कोणी उभं नको.

नव्या रोपचं टोक जुन्याला वेल्ड करून ओढून घेण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी चालते. करू नका. जुन्या रोपमध्ये साचलेला पीळ त्या जोडातून नव्यात उतरतो. ४० मीटरच्या रोपसाठी तेवढी मेहनत वाचवण्यात अर्थही नाही.

ड्रम मोकळा झाला की वायर ब्रशनं ग्रूव्ह साफ करा आणि बोटानं चाचपा. जुन्या लडींचे ठसे ग्रूव्हमध्ये उमटले असतील, कडा धारदार झाल्या असतील, तर नवा रोप तिथेच कापला जाईल. ग्रूव्हची त्रिज्या रोपच्या व्यासाच्या ०.५२५ ते ०.५५ पट असावी, ग्रूव्ह गेजनं तपासता येते. फ्लँज ड्रमला जोडली आहे तिथे भेग आहे का ते टॉर्चनं बघा. क्लॅम्पच्या भोकांत नवा बोल्ट हातानं शेवटपर्यंत गेला पाहिजे. आटे खराब असतील तर मोठा बोल्ट ठोकून बसवू नका, ड्रम वर्कशॉपमध्ये जाऊ द्या.

६. टोक तयार करणं

रोप कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना आधी बाइंडिंग वायर आवळायची, मग कापायचं. १२ मिमीच्या रोपला एका बांधणीची रुंदी साधारण २० ते २४ मिमी हवी, म्हणजे १.२ मिमीच्या तारेचे १६ ते २० वेढे, एकमेकांना चिकटून. साध्या ६×३६ रोपला प्रत्येक बाजूला एक बांधणी पुरते, दोन केल्या तर बरं. न फिरणाऱ्या रोपला प्रत्येक बाजूला तीन. त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या लडींचे पीळ उलटसुलट असतात. बांधणी सैल राहिली तर कापताक्षणी आतला भाग सरकतो आणि पुढे काही मीटरवर रोप फुगतो. तो दोष पुन्हा दुरुस्त होत नाही.

कटिंग व्हीलनं सरळ कापा. छिन्नीनं तोडलेलं टोक चपटं होतं आणि क्लॅम्पखाली जात नाही. गॅस कटरनं कापलं तर टोकाजवळचा तापलेला भाग क्लॅम्पखाली येता कामा नये. बांधणी टोकावर तशीच राहू द्या, ड्रमला बांधून झालं तरी काढायची नाही.

७. ड्रमला बांधणं

आता मूळ काम. मेन बंद, कुलूप लावलेलं.

ड्रम असा थांबलेला हवा की क्लॅम्पची भोकं तुमच्या समोर, हात सरळ पोचेल अशी असतील. रोपच्या टोकावरचं जादा ग्रीस फडक्यानं पुसा. डिझेल किंवा थिनरनं धुऊ नका, ते कोअरमध्ये शिरून आतलं वंगण काढून टाकतं. टोक ग्रूव्हमध्ये ठेवा आणि शेवटच्या प्लेटच्या पलीकडे रोपच्या व्यासाच्या दोन ते तीन पट, म्हणजे २५ ते ३५ मिमी बाहेर राहू द्या. टोक प्लेटच्या काठाबरोबर ठेवलं तर रोप किंचित सरकला तरी तो प्लेटखालून सुटायला लागतो. फार लांब ठेवलं तर ते कव्हरला किंवा गाइडला घासतं.

प्लेट सहसा दोन किंवा तीन असतात, एका प्लेटला एक किंवा दोन बोल्ट. जितकी भोकं तितक्या प्लेट. "तिसरी सापडत नाही, दोननं चालेल" हे ऐकू नका.

आता प्लेट उलटी करून तिच्या खालच्या खाचेकडे नीट बघा. ती रोपच्या मापाची हवी. प्लेटनं रोपवर दाब द्यायचा असतो, ड्रमवर टेकायचं नसतं. बोल्ट आवळल्यावर प्लेट आणि ड्रमचा पृष्ठभाग यांच्यात बारीक फट दिसलीच पाहिजे, फीलर गेजची पाती आत जाईल एवढी. फट नसेल तर प्लेट ड्रमवर बसली आहे: बोल्टला पूर्ण टॉर्क लागतो, रेंच क्लिक करतो, आणि खाली रोप मोकळाच असतो. १३ मिमीची प्लेट १२ च्या रोपला लावली की हेच होतं, आणि वरून ते अगदी व्यवस्थित दिसतं. उलट, ११ ची प्लेट १२ ला लावली तर तिच्या कडा तारांमध्ये रुततात आणि पहिल्या तारा तिथेच तुटतात.

आवळण्याचा क्रम: सगळे बोल्ट आधी हातानं, मग भाराकडच्या प्लेटपासून टोकाकडे थोडंथोडं, शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. बिडाच्या ड्रमचे आटे जास्त जोर लावला की सुटतात, तेव्हा पाइप लावून आवळू नका. रोप प्लेटखाली किंचित दबलेला दिसेल, पण तारा चपट्या झालेल्या दिसता कामा नयेत. झालं की मार्करनं दोन खुणा करा: बोल्टच्या डोक्यापासून प्लेटवर एक रेष, आणि प्लेटच्या काठाला लागून रोपवर दुसरी.

खाचेत वेज ठोकून बांधण्याचा ड्रम असेल, जसा विंचवर असतो, तर भाराकडचा रोप खाचेच्या सरळ भिंतीला लागून गेला पाहिजे आणि वेजचं निमुळतं टोक भाराच्या दिशेनं, म्हणजे ओढ आली की वेज आणखी आवळला जाईल असं. वेजवर रोपचं माप कोरलेलं असतं, ते जुळलंच पाहिजे. बाहेर राहिलेलं टोक ड्रमच्या पृष्ठभागाच्या वर येऊ देऊ नका, पुढचा थर त्यावर चढून चेपतो.

आणि बेसा, मनीषनगरकडच्या बांधकामांवर जे मटेरियल होइस्ट दिसतात, त्यांतल्या काहींवर रोप फ्लँजच्या भोकातून काढून गाठ मारलेला किंवा बुलडॉग क्लिप (यू बोल्टची पकड) लावून अडवलेला असतो. गाठ बसते तिथे रोपची ताकद बरीच घटते, आणि क्लिप वेढ्यांखाली आली की वरचा रोप तिच्यावर मोडतो. असा विंच चालवायला सांगितला तर आधी योग्य क्लॅम्प मागा.

८. गुंडाळणं

भेंडोळं जमिनीवर चाकासारखं लोळवत रोप उलगडा. पडलेल्या भेंडोळ्यातून वेढे उपसले तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो आणि किंक, म्हणजे कायमची मुरड येते. किंक आलेला भाग हातोडीनं सरळ केला तरी तो गेलेलाच असतो. रीलवरून थेट घेत असाल तर रीलच्या वरून ड्रमच्या वर, किंवा खालून खाली. वरून खाली घेतला तर रोप उलटा वाकतो आणि चालताना वळवळत राहतो. शेडच्या फरशीवर ताडपत्री टाका. वंगण लावलेला रोप वाळू आणि ग्राइंडिंगची धूळ लगेच उचलतो, आणि ती ड्रमच्या ग्रूव्हमध्ये जाऊन बसते.

पहिले चार-पाच वेढे सगळ्यात हळू गुंडाळा. प्रत्येक वेढा ग्रूव्हच्या तळाशी बसला आहे हे पाहूनच पुढे जा. एक वेढा ग्रूव्हच्या माथ्यावर राहिला तर घर्षणाचा वरचा सगळा हिशेब बिघडतो. मग मेन बंद करून रोप गाइड बसवा आणि उरलेला रोप थोडा ताण ठेवून घ्या.

एका थराच्या ड्रमवर हातानं दिलेला ताण पुरतो, पुढे भारानं वेढे बसतात. विंचवर अनेक थर असतील तर पहिला थर घट्ट असलाच पाहिजे. त्यासाठी तुटण्याच्या भाराच्या किमान २ टक्के ताण धरतात, १२ मिमीला सुमारे १८० किलो, आणि तो रीलच्या कडेला लाकडी ब्रेक लावून मिळतो. ग्रूव्ह नसलेल्या ड्रमवर वेढे लाकडी हातोड्यानं आडवे ठोकत चिकटवा.

यानंतर रोप हुक ब्लॉक आणि वरच्या पुलीतून ओवून वेज सॉकेटला लावायचा. तो स्वतंत्र विषय आहे.

९. लिमिट स्विच

रोप बदलला की लांबी थोडी बदलतेच, म्हणून दोन्ही लिमिट (हुक ठरलेल्या सर्वांत वरच्या किंवा खालच्या जागी पोचला की मोटर बंद करणारे स्विच) पुन्हा जुळवा. खालचा लिमिट असा ठेवा की हुक सर्वांत खालच्या जागी थांबल्यावर ड्रमवर ३ डेड टर्न डोळ्यांनी मोजता येतील. खालचा लिमिट बायपास केलेला आढळला तर तो जोडल्याशिवाय क्रेन ताब्यात देऊ नका.

कारण असं: खालचा लिमिट चालला नाही तर रोप पूर्ण सुटतो, ड्रम फिरतच राहतो आणि रोप उलट्या बाजूनं गुंडाळायला लागतो. मग खालचं बटण दाबलं की हुक वर जातो, आणि वरचा लिमिट त्याला अडवत नाही. क्लॅम्पपाशी रोप उलटा मोडलेला असतो. हे एकदा जरी झालं तरी क्लॅम्प उघडून तो भाग कापून टाकायचा आणि पुन्हा बांधायचा. लांबी पुरत नसेल तर रोप बदलायचा.

पॅनेलमध्ये केबल बदलून फेज उलटले तरी वर-खाली उलट होतं आणि लिमिट निकामी होतात. रोप बदलण्याच्या दिवशीच इलेक्ट्रिकल दुरुस्तीही काढली असेल तर पहिलं बटण अगदी क्षणभर दाबून दिशा पाहा.

१०. चाचणी, नोंद आणि नंतरचं आवळणं

आधी रिकामा हुक पूर्ण वर-खाली चार-पाच वेळा. मग पूर्ण भाराच्या साधारण १० टक्के, म्हणजे ५०० किलो घेऊन तेवढ्याच फेऱ्या. नव्या रोपच्या लडी अजून बसायच्या असतात, पहिल्याच उचलीला ५ टन घेऊ नका. मग निम्मा भार, मग पूर्ण.

त्यानंतर हुक टेकवून, मेन बंद करून, क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा. बहुतेक वेळा थोडे फिरतील, कारण रोप भाराखाली बारीक होतो आणि प्लेटखाली जागा होते. हे आवळणं विसरलं गेलं की बाकी सगळं नीट केलेलं वाया जातं. आठवड्याभराच्या कामानंतर पुन्हा एकदा, पुढे दर महिन्याच्या तपासणीत.

उचल यंत्रं आणि रोप वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून बारकाईनं तपासून नोंद ठेवायची, ही कारखाना कायदा १९४८ च्या कलम २९ नं घालून दिलेली पद्धत आहे. तुमच्या रजिस्टरमध्ये रोप बसवल्याची तारीख, सर्टिफिकेटचा क्रमांक, मोजलेला व्यास, डेड टर्न, प्लेटची संख्या आणि लावलेला टॉर्क लिहा. सर्टिफिकेटची प्रत त्याच पानाला टाचा.

मासिक तपासणीत कव्हर उघडून आधी पांढऱ्या रेषा पाहा. बोल्टवरची रेष फिरली असेल तर पुन्हा टॉर्क द्या. रोपवरची रेष प्लेटच्या काठापासून मिलिमीटरभर जरी भाराकडे सरकली असेल तर क्रेन थांबवा, कारण रोप क्लॅम्पखालून घसरतो आहे. नुसते बोल्ट आवळून पुढे जाऊ नका. डेड टर्न मोजा, खालचा लिमिट तपासा, प्लेट काढून तिची खाच आणि रोपचा व्यास व्हर्नियरनं जुळवून पाहा, आणि मगच पुन्हा बांधा.